पाळण्याचा पहिला फेरा

माझी नात सध्या दिवसातून चार वेळा दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहते. "आजी, बघ ना, लागलं का डोकं?" चौकटीवर तिच्या बापानं पेन्सिलीनं एक रेघ मारून दिली आहे. शहराबाहेर खेळांचं जे मोठं उद्यान झालंय, तिथल्या उंच पाळण्यात एकटं बसायला एवढी उंची लागते म्हणे. त्याहून कमी असेल तर शेजारी मोठं माणूस हवं. नात अजून बोटभर कमी पडते. मग ती मान ताणते, केस डोक्याच्या पार वर बांधते, आणि परवा तर मोज्यात रुमालाच्या घड्या घातलेल्या मीच पकडल्या. मी रागावले नाही. अशा एका रेघेशी मीही लहानपणी बरंच भांडलेली आहे.

सुनेनं हौसेनं पास काढलेत. "आई, या पासवर सकाळी सगळ्यांच्या आधी आत सोडतात. गर्दी नसते, लेकरांना रांगेत ताटकळावं लागत नाही." मी 'बरं' म्हटलं आणि उगाच स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली पातेली पुन्हा पुसत बसले. सगळ्यांच्या आधी. हे ऐकलं की माझं काहीतरी बिनसतं, आणि ते सुनेला समजावून सांगणं अवघड आहे.

खिडकीखालच्या कडुलिंबाला फुलोरा आलाय. परीक्षा संपल्या, दुपारी रस्ता सुनसान असतो, गरम झुळुकीबरोबर तो कडवट-गोड वास घरभर फिरतो. लोकांना चैत्र म्हटलं की पालवी आठवते, कैरीची डाळ आठवते. मला पोती आठवतात. ज्वारीनं भरलेली, तोंडं सुतळीनं शिवलेली, आमच्या ओसरीत छतापर्यंत रचलेली पोती.

आमचं गाव जिंतूर तालुक्यातलं, चारठाण्याच्या अलीकडचं. चैत्र लागेपर्यंत करडई निघालेली असायची आणि बायकांच्या हातांवर काट्यांचे बारीक ओरखडे असायचे. खळी उरकायची. पाडव्याच्या साखरेच्या गाठींना मुंग्या लागायच्या, तरी आम्ही त्या झटकून खायचो. ओसरीतल्या थप्पीवर चढून आम्ही भावंडं उड्या मारायचो. नव्या ज्वारीची धूळ नाकात जायची, अंग खाजायचं, आणि माझे वडील, म्हणजे दादा, बैठकीतून ओरडायचे, "पोती फुटतील रे!" दादा गावचे पाटील. त्यांचा आवाज मोठा होता. तो आम्हां लेकरांवर कधी फारसा चालला नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि पौर्णिमेला मारुतीची जत्रा. गोडीशेव, बत्तासे, बांगड्यांची दुकानं हे सगळं होतंच. पण आम्हां लेकरांची जत्रा म्हणजे पाळणा. तो घेऊन यायचे पाथरीचे चाँदभाई. लांबलचक, सडसडीत माणूस, गळ्यात रुमाल. पाळण्याच्या खांबावर ते ओल्या चुन्याचं बोट ओढायचे. त्या रेघेखालचं लेकरू एकटं बसवायचं नाही, मोठ्या माणसाच्या मांडीवरच. भरल्या पोटी कुणी बसायचं नाही. बायांनी पदर खोचल्याशिवाय डब्यात पाय ठेवायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम: रिकामा पाळणा फिरवायचा नाही. "खाली पालना नै फिराते," ते कानाला हात लावून म्हणायचे.

हा नियम काही त्यांच्या एकट्याचा नव्हता. आमच्याकडेही रिकामा पाळणा हलवला की आई हातावर चापट द्यायची. बारशाला तर पाळण्यात आधी वरवंटा ठेवतात, त्याला झोका देतात, मग लेकरू ठेवतात. दगडाचं काही होत नाही. पाळणा धड असला, दोरी पक्की असली, की मग लेकराचा नंबर.

जत्रेच्या पाळण्याचा मान आमच्या घराचा होता. उन्हं वर आली की दादा नारळ फोडायचे आणि आम्ही भावंडं, चुलतभावंडं पहिल्या मानाच्या फेऱ्याला बसायचो. मी रेघेखालची, त्यामुळे मला काकूच्या मांडीवर बसावं लागायचं. काकू घामानं ओली असायची, आणि पाळणा वर गेला की माझे डोळे झाकायची. असला तो मान.

पण हा पहिला फेरा खरा पहिला नसायचा. त्याच्याही आधी, तांबडं फुटता फुटता, कोतवाल गावाबाहेरच्या वस्तीत जाऊन हाळी द्यायचा, "लेकरं धाडा गं, पाळणा फिरवायचाय!" त्या वस्तीला तेव्हा गावात ज्या नावानं ओळखत, ते मी आता लिहिणार नाही. पुढं तिथल्या लोकांनी स्वतःच 'भीमनगर' अशी पाटी लावली. तर तिथली लेकरं आंघोळी करून, तेल चोपडून, ओल्या केसांनी पळत सुटायची. त्यांना डब्यांमध्ये दाटून बसवायचे. चुन्याची रेघ पहाटे कुणी बघत नसे. तान्ही सोडून सगळी बसायची, एकटी बसायची, फुकट बसायची. पाळणा पाच-सात वेळा गरगर फिरायचा, चाँदभाई कान देऊन कुठं करकर होते का ते ऐकायचे, आणि मग लेकरांना उतरवून आमच्यासाठी डबे पुसायचे.

मला हे सगळं कसं कळलं, तर शकूकडून. शकू माझ्या वर्गात होती, त्याच वस्तीतली. आमचे गुरुजी लेकरांना उंचीनं बसवायचे, आणि ती माझ्याहून बोटभर बुटकी, त्यामुळे आम्ही शेजारी. दरवर्षी जत्रा झाली की ती मला सांगायची, "वर गेलं की सूर्य आदी आमाला दिसतो. मंग तुमाला."

हे ऐकून माझा जळफळाट व्हायचा. माझ्याहून बुटकी शकू एकटी बसते, पहाटे बसते, आणि मी पाटलाची लेक काकूच्या मांडीवर! एकदा मी दादांकडे तक्रार केली, शकूला रेघ का नाही म्हणून. दादा हसले. माझ्या हातावर गाठी ठेवून म्हणाले, "आगं, तुझा मान मोठा हाय." मी गाठी खाल्ली, पण समाधान काही झालं नाही. मला मान नको होता, पहाट हवी होती.

हे सांगताना मला स्वतःचाच राग येतो. वरवंट्याचा हेवा करत बसलेली पोर मी.

मग ते वर्ष आलं. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटून गेलेला होता. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, ही गोष्ट मोठी माणसं अभिमानानं सांगायची, जणू काही त्याबद्दल बक्षीसच मिळायला हवं. पण भिंतींवर गेरूनं लिहिलेलं दिसायचं, रात्रीतून पुसलेलं दिसायचं, पुन्हा लिहिलेलं दिसायचं. वस्तीतल्या माणसांनी गावची काही कामं सोडली. पारावर बोलणारी माणसं तिकडचं कुणी आलं की गप्प व्हायची. आम्हां पोरींना यातलं कळत काही नव्हतं. आम्हाला एवढंच कळलं होतं, की चाँदभाईंनी यंदा लाकडी पाळणा टाकून इंजिनावर चालणारा, लोखंडी, नवा कोरा आकाशपाळणा आणलाय.

आदल्या दिवशी शाळेच्या मागं शकू म्हणाली, "तू येती का पहाटंचं? मी तुझी जागा धरते."

मी गेले. सगळी झोपेत असताना चपला हातात घेऊन मागच्या दारानं निघाले. माळावर तो पाळणा उभा होता. इंजिनाला डिझेलचा वास, सळयांना वंगणाचा वास. लेकरं डब्यांत बसलेली. खालच्या डब्यात शकू, एका हातानं आडवी सळई धरलेली, दुसऱ्या हाताचा पंजा शेजारच्या फळीवर पसरून ठेवलेला. मला बघून तिनं पंजा उचलला. "बस. धरली ना जागा." मी बसले. लोखंड गार होतं. चाँदभाईंनी मला पाहिलं आणि हातातलं तेलाचं डबडं खाली ठेवलं. "अरे बेटी, तुम कायकू आयी?" असं म्हणून ते घाबरल्यासारखे गावाकडं बघायला लागले.

नव्या पाळण्यापायी दादा यंदा पहाटेच नारळ घेऊन कोतवालाबरोबर येत होते. दादांना पळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्यांनी मला काखेत हात घालून डब्यातून उचललं.

"यडी हायेस का तू? पाळणा धड हाय का न्हाई ते आजून बघितलं न्हाई! काल जोडलाय त्यो. एखादा नट ढिला असला तं?"

आणि त्यांनी मला छातीशी आवळून धरलं. त्यांचं काळीज केवढ्यानं धडधडत होतं ते माझ्या कानाला लागत होतं. आमच्या पिढीच्या बापांना लेकरं कुशीत घ्यायची सवय नव्हती. दादांनी मला इतकं घट्ट त्या एकदाच धरलं. माझ्या बापाचं माझ्यावर किती प्रेम होतं याचा माझ्याकडे जो एकमेव भक्कम पुरावा आहे, तो हा आहे. तो मला आठवावासा वाटतो, आणि आठवला की मान खाली जाते.

कारण पाळण्याखाली शकूची आई उभी होती. गयाबाई. कडेवर तान्हं. ती दरवर्षी तिथं उभी असायची, मान वर करून. तिनं दादांचं बोलणं ऐकलं. तिथं सगळ्यांनीच ऐकलं. इंजिन अजून सुरू झालं नव्हतं, त्यामुळे ऐकू न यायला काही कारणच नव्हतं.

एरवी 'मालक' म्हणणारी गयाबाई म्हणाली, "पाटील, मंग ही कुणाची हायेत?" आणि तिनं डब्यांकडं बोट केलं.

दादा म्हणाले, "आगं, तसं न्हाई गयाबाई. दरसाल..."

"दरसाल," ती म्हणाली. मग तिनं आवाज चढवला, "उतरा रे समदे! उतरा खाली!"

लेकरं उतरायला लागली. काही रडत होती, त्यांची वर्षाची मजा गेली होती. चाँदभाई एकेका डब्याला हातानं खाली आणून देत होते आणि कुणाकडं बघत नव्हते. सगळी उतरली, शकू उतरेना. तिनं सळई घट्ट धरली होती. गयाबाईनं तिचा दंड ओढला. "न्हाई उतरत मी! न्हाई!" गयाबाईनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला, ओढून काढलं आणि लेकरांचा घोळका घेऊन ती माळ उतरून गेली. मी दादांच्या खांद्यावरून बघत होते. मला वाटलं, काय ही हाव! आईचा असा अपमान झालाय आणि हिला पाळणा सुटवत नाही.

मग दादांनी कोतवालाला गाडी जुंपायला सांगितली. आमच्या ओसरीतली ज्वारीची पोती आली. एकेका डब्यात एकेक पोतं ठेवलं, दोरीनं बांधलं आणि चाँदभाईंनी इंजिन सुरू केलं. पोती वर गेली, खाली आली. सूर्य आधी पोत्यांना दिसला. पाळणा धड होता, एकही नट ढिला नव्हता. नारळ फुटला आणि मी मानाच्या फेऱ्याला बसले. त्या वर्षी मी रेघेला लागले होते, त्यामुळे एकटी बसले. वरून भीमनगरातली घरं दिसत होती. अंगणात एकही माणूस नव्हतं.

त्या जत्रेत तिकडचं एकही लेकरू पाळण्याकडं फिरकलं नाही. पारावर माणसं म्हणाली, "नामांतराचं वारं लागलंय त्यान्ला." दादाही म्हणाले. पुढल्या वर्षापासून पोत्यांची पद्धतच पडली. चैत्र आला की ओसरीतून गाडी भरून जायची, आणि एका पिढीत लोक विसरूनही गेले की आधी काय होतं. मी विसरू शकले नाही, ते त्या पोत्यांमुळेच. ती आधीही तिथंच होती. ओसरीत, छतापर्यंत. घरापासून माळ हाकेच्या अंतरावर. ज्यांच्यावर मी उड्या मारल्या तर फुटतील म्हणून दादा ओरडायचे, ती पोती इतकी वर्षं कुणाला सुचली नाहीत.

दादा वाईट माणूस नव्हते, आणि हीच माझी अडचण आहे. वस्तीत कुणाकडं लग्न निघालं की आमच्याकडून धान्य जायचं. कुणी आजारी पडलं की दादा गाडी द्यायचे. पुढं विद्यापीठाला नाव मिळालं तेव्हा ते थकले होते. बातमी ऐकून त्यांनी रेडिओ बंद केला. मी धीर करून पाळण्याचं विचारलं. ते म्हणाले, "तसा रिवाज व्हता बाई. कुणाचं वाईट व्हावं आसं मनात नव्हतं कुणाच्या." खरंच नव्हतं. त्या लेकरांचं काय होईल हा विचारच कुणाच्या मनात नव्हता. ज्या छातीचं धडधडणं मी ऐकलं होतं, तिच्यावर बोट ठेवायला मला जमलं नाही.

शकू आणि मी तुटलो नाही. शाळा सुरू झाल्यावर गुरुजींनी पुन्हा उंचीनं बसवलं आणि आम्ही पुन्हा शेजारी आलो. ती शिकली, नर्स झाली, परभणीतच असते. आम्ही फोनवर सुना-लेकींचं, गुडघ्यांचं, बदलीचं सगळं बोलतो. पाळण्याचं कधीच नाही. तिला दुखेल म्हणून मी काढत नाही, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला दुखेल म्हणून काढत नव्हते.

तर, काल आम्ही त्या उद्यानात गेलो. पास दाखवला, आम्हाला आधी सोडलं. मोकळ्या फरशीवर आमच्या पावलांचे आवाज येत होते, फाटकाबाहेर बाकीची लेकरं गजाला नाक लावून उभी होती. आणि समोर तो मोठा पाळणा फिरत होता. त्याच्या बैठकांवर पट्ट्यांनी आवळलेली वाळूची पोती होती.

नात हिरमुसली. "आजी, पोत्यांना आधी का बसवलं?"

"पाळणा नीट आहे का ते बघतात."

"आणि पोती नसली तर?"

मी तिला आईकडं पाठवलं, सावलीतल्या बाकावर बसले आणि शकूला फोन लावला.

"बोल गं, काय करायलीस सकाळी सकाळी?"

मी सांगितलं, काय बघायलेय ते. ती म्हणाली, "बरं हाय की. वाळूची का ज्वारीची?"

मी विचारलं, "शके, पहाटे पाळणा कशाला फिरवतात ते तुझ्या आईला आधीपासून माहीत होतं?"

"माहीत नसंल का? उगं उभी राहत व्हती का ती खाली मान वर करून? पाळणा थांबेस्तोवर पाण्याचा घोट घेत नव्हती."

"मग पाठवायची कशाला?"

"आमी रडायचो ना गं. वर्षातनं एकदा पाळणा, दुसरं कोण बसवत व्हतं आमाला? आन् माहीत असणं येगळं. तुझ्या दादानं सोताचं लेकरू उराशी धरून ते तोंडावर म्हणलं. ते सोसलं न्हाई मायला."

मग मी ते विचारलं, जे मला कधी विचारवलं नव्हतं. तू का उतरत नव्हतीस? आणि हेही सांगून टाकलं, की मला तेव्हा वाटलं होतं, हिला पाळण्याची हाव सुटेना.

"पाळण्याची?" शकू हसली. "आगं, मी तं लय भेलेले त्या लोखंडी धुडाला. मला वाटलं, चोरून आली म्हणून तुला मारायला न्यायलेत. मार खाऊन येशील वापस. तवर कुणी बसलं आसतं तिथं तं? जागा धरली व्हती न्हाई का मी तुझी."

फोन कानाला तसाच होता. पाळणा थांबला होता, कामगार पट्ट्या सोडून पोती खाली ओढत होते.

"आजी, चल ना!" नात पळत आली. "तू शेजारी बसल्याशिवाय मला सोडत नाहीयेत. बोटभरच कमी पडले!"

"जा," शकू म्हणाली. "बस जा. नीट धरून बस."

बैठक तिघांची होती. नात एका कडेला, मध्ये मी, आणि पलीकडं एक जागा रिकामी. कामगार आडवी सळई लावायला आला आणि म्हणाला, "मावशी, तो हात आत घ्या." मी खाली पाहिलं. माझा पंजा शेजारच्या जागेवर पसरलेला होता. त्यानं दुसऱ्यांदा सांगितलं, तरी मला तो लवकर उचलवला नाही.